काळ्या उंदराची साक्ष

१९२१ साली पॅरिसमध्ये एका नवजात बाळाला बीसीजी ही क्षयाविरुद्धची लस पहिल्यांदा पाजली गेली. हो, पाजली; टोचायची पद्धत नंतरची. बाळाची आई बाळंतपणानंतर लगेच क्षयानं गेली होती आणि ज्या आजीच्या हाती बाळ जाणार होतं, तीही क्षयाचीच रुग्ण होती. त्याच वर्षी अटलांटिकच्या पलीकडे क्लॅरेन्स कुक लिटल हा आनुवंशशास्त्रज्ञ उंदरांचा एक नवा वंश घडवायला बसला. त्याच्याकडचे उंदीर आले होते मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावच्या ॲबी लॅथ्रॉप या बाईंकडून. बाई आधी शाळेत शिकवायच्या, पुढे हौशी लोकांसाठी उंदीर पाळून विकू लागल्या. त्यांच्या ५७ क्रमांकाच्या मादीच्या काळ्या पिल्लांपासून लिटलनं भावाबहिणींचाच संकर पिढ्यानपिढ्या चालू ठेवला. शेवटी जो वंश हाती लागला, त्यातला कुठलाही उंदीर उचला, जनुकांच्या दृष्टीनं तो शेजारच्या उंदराची नक्कल. कागदोपत्री त्याचं नाव सी५७ ब्लॅक ६; प्रयोगशाळेत नुसतं ‘ब्लॅक सिक्स’.

लस आणि उंदीर यांची पुढे अशी गाठ पडली, की आज क्षयावरची जवळजवळ प्रत्येक नवी लस माणसाच्या दंडापर्यंत पोचण्याआधी या काळ्या उंदराच्या अंगात जाते. त्याच्या फुप्फुसात जंतू कमी झाले की पुढच्या टप्प्याचा निधी मिळतो, शोधनिबंध छापून येतो आणि वर्तमानपत्रात ‘क्षयावर नवी लस दृष्टिपथात’ असा मथळा झळकतो. जंतू कमी झाले नाहीत, तर लस तिथंच संपते.

अशी साक्ष किती मानायची, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला, साडेबारा लाख लोक त्यानं गेले आणि रुग्णांपैकी २६ टक्के भारतातले होते. २०२४ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत निवडक ठिकाणी प्रौढांना बीसीजी द्यायला सुरुवात झाली. ज्यांना क्षय होऊन गेलाय, ज्यांच्या घरात रुग्ण आहे, साठी ओलांडलेले, मधुमेही, धूम्रपान करणारे, अंगानं अगदी कृश, अशांचा त्यात समावेश. एक शतक जुनी लस पुन्हा दारात आली आहे, आणि तिच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातला फार मोठा भाग उंदरांनी सांगितलेला आहे.

उंदराच्या अंगात होतं काय, ते आधी पाहू. बंदिस्त पेटीत जंतूंचे सूक्ष्म तुषार सोडून उंदरांना श्वास घ्यायला लावतात. मात्रा अशी ठरवतात, की प्रत्येकाच्या फुप्फुसात पन्नास ते शंभर जंतू उतरावेत. वायुकोशांमधल्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, त्यांना गिळतात. एरवी गिळलेला जंतू पचतो. क्षयाचा जंतू मात्र त्या पेशीतच बिऱ्हाड करतो. साधारण वीस तासांत एकाचे दोन, या चालीनं तो वाढत राहतो आणि शरीर बराच काळ स्वस्थ असतं. छातीतल्या लसिका ग्रंथींपर्यंत वर्दी पोचून प्रतिकारसंस्थेतल्या टी पेशी जाग्या व्हायलाच नऊ-दहा दिवस लागतात आणि त्या फुप्फुसात दाखल होईतो दुसरा-तिसरा आठवडा उजाडतो. फ्लूच्या विषाणूशी लढणारं शरीर एवढ्या वेळात काम उरकून मोकळं झालेलं असतं. माणसात तर हा उशीर आणखी मोठा. संसर्गानंतर त्वचेची ट्यूबरक्युलिन चाचणी सकारात्मक व्हायला साधारण सहा आठवडे जातात.

टी पेशी आल्या की चित्र पालटतं. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन सोडतात, भक्षक पेशी चवताळतात, जंतूंची वाढ थबकते. पण थबकते ती दहा लाखांच्या आसपास पोचल्यावर. त्यानंतर उंदीर तेवढे जंतू छातीत बाळगत महिनोन् महिने जगतो, खातो, पितो, हिंडतो. त्याला आधी बीसीजी दिलेली असेल, तर हा आकडा सुमारे दहा पटींनी कमी राहतो. म्हणजे दहा लाखांऐवजी एक लाख. लसीचं ‘यश’ म्हणतात ते हे. जगभरच्या क्षय-लसींची गुणपत्रिका वर्षानुवर्षं याच दहा पटींवर लिहिली गेली आहे, आणि एक लाख जंतू फुप्फुसात असलेल्या प्राण्याला ‘संरक्षित’ म्हणावं का, असं विचारणारे फार थोडे निघाले.

तरीही उंदराला मोडीत काढण्याची घाई नको. त्याच्या खात्यावर जी जमा आहे, ती खरोखर मोठी आहे.

गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत रोगप्रतिकार म्हटलं की रक्तातली प्रतिपिंडं, अशीच समजूत होती. क्षयाचं कोडं तिनं सुटत नव्हतं. १९६० च्या दशकात जॉर्ज मॅकनेस यांनी उंदरांवर केलेल्या कामानं दिशा बदलली. बीसीजी दिलेला उंदीर लिस्टेरिया या अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही काही काळ दाद देत नाही, हे त्यांनी दाखवलं. हा गुण रक्तरसातून दुसऱ्या उंदराला देता येत नव्हता, पेशींमधून देता येत होता. लसिकापेशी जंतूला ओळखतात आणि भक्षक पेशींना पेटवतात. मारण्याचं काम भक्षक पेशी करतात, आणि एकदा पेटल्यावर समोर कुठला जंतू आहे, याची त्या फारशी चौकशी करत नाहीत. आज टी पेशी आणि मॅक्रोफेज यांच्या भागीदारीबद्दल वैद्यकाच्या पहिल्या पुस्तकात जे शिकवतात, त्याचा पाया हा आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी, एक अँड्रिया कूपर यांचा आणि दुसरा जोॲन फ्लिन व बॅरी ब्लूम यांचा, इंटरफेरॉन गॅमाचं जनुकच काढून टाकलेले उंदीर क्षयाच्या जंतूंपुढे उभे केले. नेहमीचा काळा उंदीर ज्या मात्रेला महिनोन् महिने तोंड देतो, तिनं हे उंदीर काही आठवड्यांत मेले. तीनच वर्षांनी माणसांतला पुरावा आला. माल्टातल्या नात्यातल्या काही मुलांना मातीपाण्यात आढळणाऱ्या, क्षयजंतूच्याच कुळातल्या पण एरवी निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियांनी घेरलं होतं. ट्युनिशियातलं एक बाळ तर बीसीजीचेच जंतू अंगभर पसरून दगावलं. या मुलांच्या पेशींवर इंटरफेरॉन गॅमाचा संदेश झेलणारं प्रथिनच सदोष होतं. उंदरात हातानं केलेली मोडतोड निसर्गानं या घरांमध्ये आधीच करून ठेवली होती. अशा मुलांचं निदान आज होऊ शकतं, आणि ज्या घरात हा दोष सापडला आहे तिथं पुढच्या बाळाची बीसीजी थांबवता येते.

टीएनएफची गोष्ट याहून बोलकी आहे आणि थोडी अस्वस्थ करणारीही. टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन. १९९५ मध्ये फ्लिन यांच्याच प्रयोगांनी दाखवलं, की त्याचं काम बंद पाडलेला उंदीर क्षयाला आवर घालू शकत नाही. त्यानंतर काही वर्षांत संधिवात आणि आतड्यांच्या दाहावर टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब बाजारात आलं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या औषध नियामकांकडे आलेल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या: हे औषध घेणाऱ्या ७० जणांना क्षय झालेला, निम्म्याहून अधिकांना फुप्फुसाबाहेरचा, आणि बहुतेकांना उपचार सुरू झाल्यावर अवघ्या काही आठवड्यांत. उंदरानं सहा वर्षं आधी धोक्याची सूचना दिली होती. आज मुंबई-पुण्यातल्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे हे इंजेक्शन घेण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करायला सांगतात, तेव्हा रुग्णाला तो खर्च नाहक वाटतो. त्यामागे उंदरांच्या एका पिंजऱ्याचा इतिहास आहे.

या यशांमध्ये एक साम्य आहे. प्रत्येक ठिकाणी उंदराला विचारलेला प्रश्न ‘कशावाचून अडतं?’ असा होता. एखादा भाग काढला आणि यंत्र बंद पडलं, तर तो भाग गरजेचा, हे कळतं. इथं उंदीर क्वचितच चुकतो. लसीचा प्रश्न निराळा असतो. ‘काय दिलं म्हणजे पुरेल?’ हे त्या प्रश्नाचं रूप. इंटरफेरॉन गॅमा नसलं तर मरण येतं, म्हणून ते जास्त असलं तर जीव वाचेल, असं होत नाही. जगभरच्या लस-संशोधकांनी मात्र वर्षानुवर्षं तसंच धरून चालून इंटरफेरॉनचे आकडे मोजले आणि त्यावर लसी निवडल्या.

त्याची किंमत दक्षिण आफ्रिकेत कळली. ऑक्सफर्डमध्ये घडवलेली एमव्हीए८५ए ही लस बीसीजीचा जोर वाढवील अशी आशा होती. उंदरांमध्ये तिनं टी पेशींचा चांगला प्रतिसाद दाखवला होता. केप टाउनजवळच्या वुस्टर भागात २,७९७ बाळांवर तिची चाचणी झाली. निकाल २०१३ मध्ये आला: संरक्षण १७.३ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीनं शून्यापेक्षा वेगळं न काढता येणारं. पुढे २०१८ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकानं प्रश्न उपस्थित केला, की बाळांवर प्रयोग करण्याआधी प्राण्यांवरचे प्रतिकूल निष्कर्ष पुरेसे पुढे आले होते का. संशोधकांनी आणि विद्यापीठानं गैरप्रकाराचा आरोप नाकारला. त्या वादात न पडताही एवढं म्हणता येतं, की ज्या आईबापांनी बाळ पुढे केलं, त्यांना प्राण्यांवरचं सगळं, चांगलं आणि वाईट, वाचायला मिळायला हवं होतं.

आपल्या देशानं हा धडा फार आधी घेतला होता. तमिळनाडूच्या चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ साली सुरू झालेली बीसीजीची चाचणी ही आजवरच्या सर्वांत मोठ्या चाचण्यांपैकी एक. अडीच लाखांहून अधिक माणसं, लसीचे दोन वाण, दोन मात्रा, पंधरा वर्षं पाठपुरावा. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांमध्ये याच लसीनं जवळजवळ ८० टक्के संरक्षण दिलं होतं. चेंगलपट्टूत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढे तिचा प्रभाव शून्य निघाला. बालकांमधला मेंदूज्वराचा आणि अंगभर पसरणारा क्षय बीसीजी रोखते, आणि म्हणून जन्मानंतर ती द्यायलाच हवी. त्याबद्दल दुमत नाही. पण रोग पसरवतो तो खोकणारा प्रौढ, आणि त्याच्यापर्यंत या लसीचा हात पोचला नाही.

असं का व्हावं? ब्रिटिश मुलगा आणि चेंगलपट्टूचा शेतकरी यांच्यात फरक पुष्कळ. कॅरोल पामर आणि एस्मंड लाँग यांनी १९६६ मध्येच, गिनीपिगवरच्या प्रयोगांच्या आधारे, एका फरकावर बोट ठेवलं होतं. उष्ण प्रदेशातल्या मातीपाण्यात क्षयजंतूचे अनेक निरुपद्रवी भाऊबंद नांदतात. लहानपणापासून त्यांच्याशी संबंध आल्यानं थोडी प्रतिकारशक्ती आधीच तयार होते आणि वरून दिलेल्या बीसीजीला दाखवण्यासारखं काही उरत नाही. पुढे २००२ मध्ये कोपनहेगनमधल्या संशोधकांनी यात महत्त्वाची भर टाकली. त्यांनी मलावीतल्या कारोंगा जिल्ह्यातून मिळवलेले असे मायकोबॅक्टेरिया उंदरांना आधी दिले, मग बीसीजी टोचली. बीसीजी ही जिवंत लस. अंगात थोडी वाढली तरच तिचा उपयोग. या उंदरांच्या आधीच सावध झालेल्या शरीरानं ती वाढूच दिली नाही आणि संरक्षण बुडालं. वाढीवर अवलंबून नसलेल्या, निवडक प्रथिनांच्या लसीला मात्र याचा अडथळा झाला नाही.

हा प्रयोग उंदरांवरचाच होता, हे विसरून चालणार नाही. फरक एवढाच, की या उंदराला आधी मलावीच्या मातीतलं आयुष्य थोडंसं जगू दिलं गेलं. प्रयोगशाळेतला नेहमीचा उंदीर कसा राहतो? गाळलेली हवा, निर्जंतुक खाद्य, निर्जंतुक पाणी, ना जंत, ना विषाणू, ना शेजार. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेले उंदीर आणि प्रयोगशाळेतले उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. प्रयोगशाळेतल्या काही उंदरांना तो सहवास सोसला नाही, ते मेले. जे तगले, त्यांची प्रतिकारसंस्था मोठ्या माणसासारखी दिसू लागली. त्याआधी ती माणसाच्या नवजात बाळासारखी होती! प्रौढांसाठीची लस आपण इतकी वर्षं अशा प्राण्यावर पारखत आलो, ज्याची प्रतिकारसंस्था पाळण्यातच आहे.

शिवाय जातीचा प्रश्न आहे. मॉन्ट्रिअलमध्ये एमिल स्कामेने आणि फिलिप ग्रो यांच्या गटांनी वर्षानुवर्षं पाठलाग करून १९९३ मध्ये एनरॅम्प१ हे जनुक शोधलं. हे जनुक चांगलं असलेले उंदीर बीसीजीचे जंतू सुरुवातीलाच दाबतात. सदोष असलेले दाबत नाहीत. क्षयाची किल्ली सापडली, असंच अनेकांना वाटलं. पण बीसीजीपुढे दुबळा ठरणारा आपला काळा उंदीर खऱ्या क्षयजंतूपुढे बऱ्यापैकी टिकतो. उलट सी३एचईबी नावाच्या वंशाकडे एनरॅम्प१ ठणठणीत आहे, आणि तोच क्षयात भराभर ढासळतो. त्याच्या फुप्फुसात मृत पेशींचा मऊ गाभा असलेल्या गाठी होतात, माणसाच्या छातीत होतात तशाच. काळ्या उंदरात त्या होत नाहीत. माणसाच्या छातीत या गाठी फुटून पोकळी तयार होते आणि खोकल्यातून जंतू बाहेर पडतात. क्षयाचा बराचसा प्रसार तिथून. म्हणजे रोगाचा जो टप्पा समाजाला सर्वांत जड जातो, नेमका तोच आपल्या आवडत्या उंदराला होत नाही. आणखी एक उणीव: जंतूच्या मेणचट आवरणातले स्निग्ध पदार्थ टी पेशींना दाखवणारे सीडी१ कुळातले काही रेणू माणसात असतात, उंदरात ते मुळातच नाहीत.

मग एका वंशाऐवजी अनेक वंश घेतले तर? जाणूनबुजून संकरित केलेल्या, एकमेकांपासून जनुकीयदृष्ट्या दूर असलेल्या दोन डझन वंशांवर अमेरिकेत बीसीजी तपासली गेली. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सुमारे निम्म्या वंशांना लसीनं संरक्षण मिळालं, उरलेल्यांना नाही. हे चित्र ओळखीचं वाटतं. ब्रिटन आणि चेंगलपट्टू, दोन्ही त्यात आहेत. काळ्या उंदरावरचे हजारो प्रयोग हे एका अर्थानं एकाच व्यक्तीवर पुन्हापुन्हा केलेले प्रयोग होते.

कुष्ठरोगाचा जंतू क्षयाचाच चुलतभाऊ, आणि त्याच्या हकिकतीत मुंबईचा वाटा आहे. हान्सेन यांनी १८७३ मध्ये हा जंतू पाहिला, पण काचेच्या बशीत तो आजतागायत कुणाला वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये चार्ल्स शेपर्ड यांनी तो उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवून दाखवला. तळवा अंगापेक्षा थंड असतो आणि या जंतूला थंडावा मानवतो. वाढ इतकी सावकाश, की एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस आणि एका प्रयोगाला सहा-आठ महिने. कुष्ठजंतू डॅप्सोन या औषधाला दाद देईनासे झालेत, हे १९६४ मध्ये पक्कं झालं ते याच तळव्यांमुळे. तळव्याच्या या कसोटीत बीसीजी उत्तीर्ण झाली. माणसांत मात्र युगांडात तिनं सुमारे ८० टक्के संरक्षण दिलं आणि ब्रह्मदेशात सुमारे २० टक्के. लस एकच, कसोटीही एकच, उत्तरं दोन टोकांची.

परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात कुष्ठरुग्णांकडून मिळवलेल्या जंतूंपासून आयसीआरसी ही लस तयार झाली, डॉ. माधव देव यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. दक्षिण भारतात १ लाख ७१ हजार लोकांवर चार लसींची तुलना झाली, तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. आयसीआरसी ६५.५ टक्के, बीसीजीबरोबर मारलेले कुष्ठजंतू ६४ टक्के, नुसती बीसीजी ३४.१ टक्के आणि दिल्लीत प्रा. तलवार यांनी विकसित केलेली एमडब्ल्यू २५.७ टक्के. मुंबईत जन्मलेल्या लसीचं हे यश मराठी वाचकांना फारसं ठाऊक नाही, याचं आश्चर्य वाटतं. क्रिकेटमध्ये कुणी एवढा फरक काढून जिंकलं असतं, तर चौकात फलक लागले असते.

आता पुण्याकडे. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत श्टेफान काउफमान यांच्या गटानं बीसीजीत जनुकीय बदल केले: तिचं एक विकर काढून टाकलं आणि लिस्टेरियाचं, पेशीच्या आतली पिशवी फोडणारं एक प्रथिन तिच्यात घातलं. लिस्टेरिया म्हणजे तोच, मॅकनेस यांच्या उंदरांतला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही लस उंदरांमध्ये मूळ बीसीजीपेक्षा सरस ठरली. व्हीपीएम१००२ या नावानं ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आली, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं क्षयरुग्णांच्या घरातल्या सुमारे बारा हजार माणसांवर तिची आणि तलवार यांच्या लसीची चाचणी हाती घेतली. बर्लिनच्या स्वच्छ पिंजऱ्यातून थेट एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरात, इतकी ही उडी मोठी आहे.

प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध जगभर मत तयार होतंय. अमेरिकेनं २०२२ च्या अखेरीस कायदा बदलून औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती काढली. भारतानं मार्च २०२३ मध्ये नियम बदलून पेशी, अवयवांच्या चिप आणि संगणकीय पद्धतींना जागा दिली. यकृताला औषध झेपतं का, हे चिपवर कळू शकेल. पण क्षयाची लढाई फुप्फुस, लसिका ग्रंथी, अस्थिमज्जा अशा अनेक ठिकाणी महिनोन् महिने चालते. ती बशीत मांडण्याइतकं ज्ञान अजून कुणाकडे नाही. माकडं माणसाला जवळची. २०२० मध्ये शिरेतून बीसीजी दिलेल्या दहांपैकी नऊ माकडांना उत्तम संरक्षण मिळालं, हा निकाल थक्क करणारा होता. पण माकडं महाग, मोजकी, आणि त्यांना वेदना देण्याचा नैतिक बोजाही मोठा. त्यामुळे उंदीर राहणार. राहावाच. हरकत आहे ती काचेसारख्या स्वच्छतेत वाढलेल्या एकाच वंशावर विसंबून कोट्यवधींचा निधी वाटण्याला आणि हजारो माणसांना चाचणीत उतरवण्याला.

सिॲटलमधले केव्हिन उर्डाल आणि त्यांचे सहकारी शंभराऐवजी एक ते तीन जंतू उंदराच्या छातीत उतरवतात. माणसाला संसर्ग होतो तो अशाच मोजक्या जंतूंनी. इथं मग ‘दहा पटींनी कमी’ एवढंच मोजत बसावं लागत नाही. बीसीजी दिलेल्या काही उंदरांमध्ये जंतू सापडतच नाहीत, काहींमध्ये ते एकाच फुप्फुसात कोंडून राहतात. ही भाषा माणसांवरच्या चाचणीच्या जवळची आहे. निधी देणाऱ्या संस्थांनी, आपल्या सरकारी संस्थांनीही, अट घालायला हवी: माणसांवर जाण्याआधी लस किमान चार-पाच वंशांत, आधी इतर मायकोबॅक्टेरियांशी गाठ पडलेल्या उंदरांत आणि थोड्या जंतूंच्या संसर्गात तपासा; आणि फसलेले प्रयोगही छापा. खर्च वाढेल, वेळ लागेल. वुस्टरसारख्या एका चाचणीपुढे तो किरकोळ आहे.

वर्तमानपत्रांनाही हात झटकता येणार नाहीत. जेम्स हीदर्स या संशोधकानं २०१९ मध्ये ट्विटरवर एक खातं उघडलं होतं. आरोग्याच्या सनसनाटी बातम्या पुन्हा प्रसृत करायच्या आणि वर फक्त ‘इन माइस’, म्हणजे ‘उंदरांमध्ये’, एवढंच जोडायचं. खातं तुफान चाललं. मराठी बातम्यांत हा शब्द असतो, पण सहाव्या परिच्छेदात, जाहिरातीच्या खाली.

राहता राहिली प्रौढांची बीसीजी. पुन्हा दिलेल्या बीसीजीनं दक्षिण आफ्रिकेतल्या किशोरांमध्ये टिकून राहणारा संसर्ग ४५ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१८ मध्ये दिसलं होतं; त्याहून मोठ्या चाचणीत, २०२५ मध्ये, तो परिणाम उरला नाही. चेंगलपट्टूचा अनुभव आणि मलावीच्या मातीतले जंतू दिलेले उंदीर, दोन्ही सावधगिरीचाच इशारा देतात. तरीही प्रयोग करून पाहण्याला विरोध करण्याचं कारण नाही. मधुमेही किंवा साठीपुढच्या माणसाच्या बाबतीत उत्तर वेगळं निघूही शकतं, आणि ही मोहीम अभ्यास म्हणूनच आखली आहे. मग तिचे आकडेही अभ्यासासारखेच बाहेर यायला हवेत. लस दिलेल्या आणि न दिलेल्या ठिकाणी दर वर्षी किती जणांना क्षय झाला, त्यांतल्या किती जणांचं निदान थुंकीच्या तपासणीतून पक्कं झालं, कितींना मधुमेह होता, हे राज्याच्या आरोग्य विभागानं जिल्हावार जाहीर करावं. चेंगलपट्टूच्या पंधरा वर्षांचा पूर्ण हिशेब प्रसिद्ध व्हायला १९९९ साल उजाडलं होतं. या वेळी दंड पुढे करणाऱ्या माणसाला आपल्या जिल्ह्याचा आकडा पुढच्या वर्षीच वाचता आला पाहिजे.